पेढे वाटून झाले, आता जायचं कुठं?

जूनअखेर राजारामपुरीत पेढ्यांचे पुडे फिरायला लागतात. शिवाजी विद्यापीठाचे निकाल एकेक करून लागत असतात. एका गल्लीत बी.कॉम., पलीकडच्या गल्लीत बी.ई., आणि मेन रोडवर भेटणारा प्रत्येक जण पेढा तोंडात टाकता टाकता विचारतो, "मग, पुढं काय?" आमच्या वेळी पदवी मिळाली की घड्याळ मिळायचं. ज्यांचं बरं चाललेलं असायचं, त्यांच्या पोराला दुचाकी. आता बऱ्याच घरांत सहल देतात, सगळ्या घरानं मिळून जायची. माझ्या घरात अशा दोन झाल्या. थोरलीच्या वेळची फसली. धाकट्याच्या वेळची अजूनही जेवताना निघते. फसलेली सहल दुप्पट महाग होती, हे आधीच सांगून टाकते.

थोरलीची सहल आम्ही ठरवली. आम्ही म्हणजे तिचे बाबा आणि मी. मे महिन्यातच एका प्रवासी कंपनीत पैसे भरले. शिमला-मनाली, आठ दिवस, जेवणासकट. निकालाच्या दिवशी पाकिटात छापील कार्यक्रम घालून तिच्या हातात दिला आणि फोटो काढला. मग रोज पहाटे साडेपाचला चहा, साडेसहाला बस. मनालीच्या अलीकडं गाड्यांच्या रांगेत चार तास बस जागची हलली नाही. सहाव्या दिवशी तिला नोकरीच्या कंपनीचा मेल आला, कागदपत्रं दोन दिवसांत पाठवा. गुणपत्रकं आमच्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. शेवटी शेजारच्या काकूंनी कुलूपवाला आणून कपाट उघडलं. त्या आठ दिवसांत माझ्या लेकीनं स्वतः घेतलेला निर्णय एकच होता, कुलूतल्या दुकानात कोणत्या रंगाची शाल घ्यायची.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: पाकिटात कार्यक्रम घालू नका, आकडा घाला. एवढे पैसे, एवढे दिवस, आणि दोन-तीन अटी. बाकी सगळं ज्याला पदवी मिळाली त्यानं ठरवायचं. बावीस वर्षांच्या पोराला आपण सोळा वर्षं शिकवलं, त्याला पाच माणसांचं सहा दिवसांचं गणित जमणार नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. धाकट्याला आम्ही पंचेचाळीस हजार रुपये, सहा दिवस आणि तीन अटी दिल्या. आजी बरोबर येणार. रोज दुपारी दोन तास कुणीही कुणाला काही बघायला लावायचं नाही. आणि गणपतीच्या बऱ्याच आधी परत यायचं. तिसरी अट खरं तर त्याचीच होती. राजारामपुरीतल्या पोराला चतुर्थीच्या आगमन मिरवणुकीच्या वेळी गावाबाहेर ठेवून बघा, म्हणजे कळेल.

मित्रांबरोबर गोव्याला जायचंय, असंही तो म्हणाला. जाऊ दे. ती सहल वेगळी आणि ही वेगळी. "तिकडं गेलास ना, मग आता घरच्यांबरोबर कशाला?" असं म्हणून एकीच्या बदल्यात दुसरी कापू नका. पुढच्या वर्षी तो पुण्यात नाहीतर बेंगळुरात असणार आहे. त्याची रजा त्याच्या हातात नसेल, आणि तुमची कधी नव्हतीच.

आता वेळ. कधी जायचं, यावर निम्मी सहल ठरते. निकाल आणि नोकरीचा किंवा पुढच्या प्रवेशाचा पहिला दिवस, यांच्या मधल्या पंधरा-वीस दिवसांत बहुतेक घरं जातात. पण हेच दिवस कागदपत्रांचेही असतात. एमबीए, एलएलबीसारख्या अभ्यासक्रमांचे सीईटी कक्षाचे प्रवेश याच पावसाळ्यात चालतात, आणि पसंतीक्रम भरायला मोजके दिवस मिळतात. त्या तारखा बघूनच निघा. निघण्याआधी गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र स्कॅन करून पोराच्या फोनवर ठेवा, तुमच्याही फोनवर ठेवा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा दाखला फाईलमध्ये दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. मूळ कागद सहलीला नेऊ नका. ते घरी ठेवा, आणि कपाटाची किल्ली विश्वासाच्या माणसाकडं द्या. आमच्या काकूंकडं ती आता कायमचीच असते.

दुसरी वेळ दीक्षान्त समारंभाची, म्हणजे हिवाळ्याची. पदवीच्या प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, हे पुष्कळ मुलांना निकालानंतर कळतं. ते ज्या समारंभात मिळतं त्याच्या निमित्तानं कमला कॉलेजपासून विद्यापीठापर्यंत ग्रंथदिंडी निघते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ती जरूर दाखवा. हवा सुंदर असते, फिरायला हेच दिवस उत्तम. अडचण एवढीच, की तोवर पोरगं नोकरीला लागलेलं असतं. आमच्याच गल्लीतल्या एका घरानं यावर छान तोड काढली. मुलगी बेंगळुरात नोकरीला. घरचे इथून हरिप्रिया एक्स्प्रेसनं होस्पेटला गेले, ती तिकडून रात्रीच्या हम्पी एक्स्प्रेसनं आली. शनिवार-रविवारला जोडून एकच रजा, आणि सगळे हम्पीत एकत्र. मधल्या ठिकाणी भेटायची ही युक्ती कुणीही उचलावी.

पण बहुतेकांची सहल जुलैतच निघते, म्हणून जुलैबद्दल जरा सविस्तर बोलते. जुलै म्हटलं की कोल्हापूरकर पश्चिमेला बघतो. आंबोली, गगनबावडा, मालवण. भिजायला एक दिवस ठीक आहे. पण म्हातारं माणूस बरोबर घेऊन सहा दिवस धुक्यात आणि ओल्या कपड्यांत काढायचे, हे मला पटत नाही. मालवणला समुद्र खवळलेला असतो. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. किल्ला किनाऱ्यावरूनच बघायचा. हिमाचलचं आमचं झालं ते वर सांगितलंच, शिवाय पावसात तिथं दरडी कोसळतात. परदेश परवडत असेल तर जा, पण पासपोर्ट आधी बघा. प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत हवी. नवा काढायचा तर साध्या अर्जाचे दीड हजार रुपये पडतात आणि पोलीस पडताळणीला वेळ जातो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच तो काढून ठेवलेला बरा, पुढं नोकरीतही लागतो. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. नुसतं आधार कार्ड घेऊन निघालात तर मात्र विमानतळावरच अडाल. फक्त पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या पुढच्यांना सूट आहे.

माझं मत विचाराल तर जुलैत पश्चिमेकडं पाठ फिरवा आणि पूर्वेला जा. आपल्या एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिकडं शिरोळला पाचशेच्या आसपास. घाटानं ढग अडवले की पलीकडं नुसता वारा आणि सावली. तसंच पूर्वेला, आग्नेयेला सरकत गेलं की बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हम्पी. एप्रिल-मेमध्ये तिथले दगड इतके तापतात, की अनवाणी पाय ठेववत नाही. जुलैत आभाळ भरलेलं, सरी येऊन-जाऊन, गर्दी कमी. हे धाकट्यानं शोधलं. मी आपली "पावसाळ्यात कसली लेणी बघायची?" म्हणून कुरकुरत होते.

पुराचा धोका मात्र धरूनच चाला. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्यानं बंद पडला होता, आणि तेव्हा रेल्वेही थांबली. आपल्याकडं पावसाळ्यात घरोघरी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतातच. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आम्ही घरात नियम केला होता, निघायच्या आदल्या दिवशी पातळी ३५ च्या वर आणि चढती असेल तर सहल पुढं ढकलायची. त्यासाठी खोल्या अशाच घेतल्या, की दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येतील. अशा खोलीला शंभर-दोनशे रुपये जास्त पडतात. ते द्या. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर हा घोर बराच कमी होतो. फक्त आषाढीची तारीख बघा. त्या दिवसांत एसटीच्या पुष्कळ गाड्या पंढरपूरकडं वळवलेल्या असतात.

आता गाडी. आमच्याकडं एक जुनी मोटार आहे, पाच जण आणि सामान घेऊन ती बदामीला पोचली नसती. भाड्याच्या गाडीची चौकशी केली. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर धरतात, हा सगळीकडचा रिवाज आहे. सहा दिवसांचे झाले १८०० किलोमीटर. आमचं खरं फिरणं होतं नऊशेच्या आसपास. म्हणजे हम्पीत गाडी झाडाखाली उभी असतानाही मीटर आमच्या खिशात फिरत राहणार, वर चालकाचा भत्ता आणि दुसऱ्या राज्याचा कर. हे गणित धाकट्यानं वहीच्या पानावर मांडून आम्हाला दाखवलं, आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की अभियांत्रिकीचे पैसे अगदीच वाया गेले नाहीत. त्यानं काय केलं, तर कोल्हापूरची गाडी फक्त बदामीला सोडण्यापुरती घेतली. एका दिवसाचं जाण्या-येण्याचं भाडं. बदामीत रिक्षा. बदामीहून पट्टदकल, ऐहोळे करत होस्पेटला सोडायला तिथली टॅक्सी. हम्पीत पुन्हा रिक्षा. आणि होस्पेटहून परत यायला हरिप्रिया. भाड्याची गाडी घ्याल तेव्हा पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते खरी, पण काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

हरिप्रियेबद्दल दोन शब्द. कोल्हापूरहून मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, होस्पेट करत ती तिरुपतीला जाते. हरीची प्रिया म्हणजे लक्ष्मी, आणि एका टोकाला अंबाबाई, दुसऱ्या टोकाला व्यंकटेश. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला आमच्या सासूबाई दरवेळी आशीर्वाद देतात. पोराच्या पदवीसाठी कुणी तिरुपतीचा नवस बोललेलं असेल, तर याच गाडीच्या वाटेवर हम्पी आहे. जाताना नवस फेडा, येताना होस्पेटला उतरा. दोन सहलींचा खर्च एकीत भागतो.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस होतं, त्यामुळं चार महिने आधीची जुनी सवय सोडा. निकालाची तारीख माहीत नसतानाच तिकीट काढावं लागतं. काढा. निकाल पुढं गेला तर रद्द करताना थोडे पैसे कापले जातील. तत्काळच्या भरवशावर पाच जणांना नेऊ नका. मिळालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही. आणि एक गोष्ट, जी मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळली: ज्येष्ठांना, आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांनाही, खालचा बर्थ देण्याची सोय आहे. पण एका तिकिटावर एक किंवा दोनच अशी माणसं असतील तरच. पाच जणांचं एकत्र तिकीट काढलं की आजी वरच्या बर्थला आणि पोरगा खाली, असा उलटा प्रकार होतो. सासूचं आणि सुनेचं तिकीट वेगळं काढा. एरवी कुणी असं सुचवलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

पहिला दिवस कोल्हापूर-बदामी, वाटेत गोकाकचा धबधबा. जुलैत घटप्रभा दुथडी भरून येते आणि जवळजवळ ५२ मीटरवरून कोसळते. तासभर थांबा, गोकाकचा करदंट घ्या, पुढं निघा. करदंट ऐहोळ्याजवळच्या अमीनगडचाही प्रसिद्ध. दोन्ही घेतले आणि घरात दोन तट पडले.

बदामीची लेणी सकाळी लवकर बघा. दगड लालसर आहे, ओला झाला की रंग आणखी गडद होतो. पहिल्याच लेण्याशी अठरा हातांचा नटराज आहे, आणि ते लेणं सर्वांत खालचं. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथवर यावं, बसावं, खाली दिसणाऱ्या अगस्त्य तळ्याकडं बघत राहावं. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा मंगलेशाचा शिलालेख आहे, तिथवर तरुणांनी जावं. माकडं फार धीट आहेत. हातात पिशवी नको, गॉगल नको. दुपारी झोपा. संध्याकाळी पाचेक किलोमीटरवरच्या बनशंकरीला जा. देवळाच्या आवारात बायका बुट्ट्या घेऊन बसलेल्या असतात. ज्वारीची रोट्टी, शेंगाचटणी, एण्णेगाई म्हणजे आपल्या भरल्या वांग्याची सख्खी बहीण, वर दही. सहा दिवसांतलं सगळ्यांत चांगलं जेवण तेच होतं, आणि सगळ्यांत स्वस्तही तेच. कन्नड येत नाही म्हणून बुजू नका. अर्ध्या सीमाभागाशी आपली नाती आहेत, खुणांनी आणि "साकू" म्हणून भागतं. साकू म्हणजे पुरे. हा शब्द वेळेवर म्हणायला शिका, नाहीतर रोट्ट्या थांबत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे करून होस्पेट. इथं घाई करू नका आणि सगळी देवळंही बघू नका. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीनं नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधलं, आठव्या शतकात. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी पाहिलंय, त्यांना इथं त्याची ओळख पटेल. ऐहोळ्यात टेकडीवरच्या मेगुती देवळात रविकीर्तीचा इसवी सन ६३४ चा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीनं हर्षाला हरवलं, हे त्यात आहे, आणि तीन महाराष्ट्रकांचा उल्लेखही आहे, ९९ हजार गावांसकट. तेराशे नव्वद वर्षांपूर्वीच्या दगडावर आपलं नाव, तेही कर्नाटकात. धाकट्यानं ते वाचून दाखवलं तेव्हा त्याच्या बाबांनी चष्मा काढून पुसला. कन्नड-मराठी वादावर रोज बोलणारा माणूस पाच मिनिटं गप्प होता.

हम्पीला दोन पूर्ण दिवस द्या. राहायला होस्पेट, नाहीतर हम्पीपासून चार किलोमीटरवरचं कमलापूर. कमलापुरात कर्नाटक पर्यटन महामंडळाचं मयूर भुवनेश्वरी आहे, जसं बदामीत मयूर चालुक्य. कोल्हापूरकरांसाठी एक महत्त्वाची सूचना: विरूपाक्ष मंदिराच्या आसपास हम्पी गावात मटण-चिकन मिळत नाही. ज्यांना तिसऱ्या दिवशी तांबडा-पांढरा आठवून कासावीस व्हायला होतं त्यांनी होस्पेटलाच राहावं. आणि तांबडा रस्सा तिथं मागू नये. मिळतं ते वेगळं असतं, आणि मग "आपल्याकडं..." ही रेकॉर्ड सुरू होते. घरून कांदा-लसूण चटणीची बाटली, भडंग आणि दशम्या न्या, रेकॉर्ड आपोआप बंद राहते.

पहिला दिवस विठ्ठल मंदिराचा. गाडीतळापासून मंदिरापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या आहेत, आजीला चालावं लागत नाही. तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी कमळमहाल आणि हत्तीशाळेच्या आवारात तेच चालतं. पन्नास रुपयांच्या नोटेवरचा दगडी रथ इथलाच. नोट धरून फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. सूर निघणाऱ्या खांबांवर टिचक्या मात्र मारू नका, बंदी आहे आणि ती योग्य आहे.

पण या देवळात जाण्याआधी आजीला एक गोष्ट सांगून ठेवा, किंवा तिच्याकडूनच ऐका. परंपरा अशी सांगते, की कृष्णदेवरायानं पंढरपूरचा विठोबा इथं आणला होता आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत पंढरीला नेला. इतिहासात ती किती बसते हा वाद अभ्यासकांचा. आज गाभारा रिकामा आहे, हे मात्र आपल्या डोळ्यांनी दिसतं. आमच्या सासूबाई चौदा वेळा पंढरपूरला गेलेल्या. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हितनंच नेला व्हय माघारी?" मग पदर डोक्यावरून घेऊन रिकाम्या जागेला नमस्कार केला. नातवानं हे ठिकाण निवडलं होतं ते दगडी रथासाठी. पण परतल्यावर आजीनं गल्लीभर सांगितलं, की पोरानं मला विठोबाचं जुनं घर दाखवलं.

दुसऱ्या दिवशी विरूपाक्ष मंदिर, जिथं आजही पूजा चालते. गोपुराची उलटी सावली एका भिंतीवर पडते, ती ऊन असेल तरच दिसते. जुलैत नशिबावर सोडा. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मातंग टेकडीवर जावं. बाकीच्यांनी हेमकूटावर बसावं, त्याचा चढ फार नाही. नदीपलीकडं अंजनाद्री आहे, पण पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि तुंगभद्रेला पाणी वाढलं की गोल टोपल्यांच्या होड्या बंद होतात. आम्ही गेलो नाही. काही चुकलं असं वाटलं नाही.

पैशाचं. पंचेचाळीस हजारांतले दोन हजार तीनशे धाकट्यानं परत आणले, हिशेबासकट. पण ते पंचेचाळीस हजार एका महिन्यात उभे राहिले नव्हते. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, त्याच महिन्यात आवर्ती ठेव काढा. महिना हजार रुपये, तीन वर्षांत छत्तीस हजार मुद्दल आणि वर व्याज. चार वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर अठ्ठेचाळीस. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे, तिचा एक नंबर मी त्याच्या निकालाच्या वर्षासाठी राखून मागितला होता आणि बायकांनी तो दिला. सहलीसाठी कर्ज काढू नका, क्रेडिट कार्डाचे हप्तेही नकोत. पोरगा नोकरीला लागला की पहिल्या पगारातून त्याला आई-बापांच्या सहलीचे हप्ते भरताना बघणं बरं दिसत नाही. आणि पैसे कमी असतील तर दिवस कमी करा, माणसं कमी करू नका. दोन दिवसांची नुसती बदामीही चालते. महाराष्ट्रातच फिरायचं असेल तर एसटीत बायकांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. शिवाय चार आणि सात दिवसांचा "आवडेल तेथे प्रवास"चा पास मिळतो.

शेवटची गोष्ट पोरांसाठी. रोज रात्री अर्धं पान लिहा. कुठं गेलो, काय खाल्लं, किती खर्च, कोण कुणाशी भांडलं. फोटो हजार असतात आणि कुणी बघत नाही. ज्यांच्या नावानं आपलं राजाराम कॉलेज आहे ते छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले तेव्हा वीस वर्षांचे होते. म्हणजे पदवीच्याच वयाचे. इंग्लंड बघून परतताना नोव्हेंबरअखेर फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. तिथं आर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आजही आहे. प्रवासात ते दैनंदिनी लिहीत होते, ती १८७२ मध्ये लंडनला पुस्तक म्हणून निघाली. एका कोल्हापूरकर तरुणानं तेव्हाचा युरोप कसा पाहिला, ते आपल्याला त्या पानांमुळं समजतं. धाकट्याची वही शंभर पानी आहे, त्यातली चौदाच भरली. चौथ्या दिवसाच्या पानावर एकच ओळ आहे: आज आई दुपारी झोपली नाही, अट मोडली.

तुमच्या घरात यंदा कुणी शेवटच्या वर्षाला असेल, तर परीक्षेचं वेळापत्रक लागलं की कॅलेंडर उघडा, निकालानंतरचा एक आठवडा अंदाजानं धरा आणि त्याच्या ६० दिवस आधीच्या तारखेला खूण करा. त्या सकाळी सगळ्यांत आधी आजीचं तिकीट काढा.